अपेक्षित विद्यार्थी: निरंक

कॉलेजच्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही फॉर्मचा एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. मोकळा रकाना दिसला की वरचं ऑफिस फॉर्म परत पाठवतं, हे त्यांना उमेदवारीतच कळलं होतं. माहिती असली तर माहिती, नसली तर ठसठशीत अक्षरात 'निरंक'. नव्या क्लार्कांनाही ते हेच शिकवत. "रकाना मोकळा म्हणजे आपण झोपलो होतो. निरंक म्हणजे आपण बघितलं, पण दप्तरी काही नव्हतं. समजलं?" समजलं नाही तर पुन्हा सांगत, आणि समजलं तरी पुन्हा सांगत.

उच्च शिक्षणाचा वीस वर्षांचा आराखडा करायचं सरकारच्या मनात आलं, तेव्हा प्रत्येक सरकारी कॉलेजला चौदा पानी फॉर्म आला. दोन दिवसांत भरून पाठवा, म्हणे. वीस वर्षांचा विचार करायला दोन दिवस पुष्कळ झाले, असं वरच्यांना वाटलं असावं. प्राचार्य आजारी होते, रजेवर. भाऊसाहेबांनी खोल्या मोजल्या, बाकं मोजली, बंद पडलेले पंखेसुद्धा प्रामाणिकपणे लिहिले. अकराव्या पानावर रकाना होता, 'पुढील वीस वर्षांतील अपेक्षित विद्यार्थी'. आता पुढच्या वीस वर्षांची माहिती कुठल्या कपाटात असते? त्यांनी क्षणभरही न अडखळता निरंक लिहिलं, 'प्राचार्यांकरिता' म्हणून खाली सही ठोकली आणि फॉर्म रवाना केला.

दीड वर्षाने आराखडा छापून आला. तो आधी वाचला त्यांच्या मुलीने. ती त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, नऊ वर्षं, दरवर्षी नव्या तात्पुरत्या ऑर्डरवर. मध्यंतरी शहरातल्या एका खाजगी कॉलेजात तिला कायमची जागा मिळत होती. भाऊसाहेबांनीच मोडता घातला होता. "सरकारी कॉलेज आहे. आज ना उद्या कायम होशील." तिने ऐकलं होतं.

ती त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आपलं कॉलेज बंद करतायत. पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाला प्रवेशच नाहीत."

"कारण काय दिलंय?"

"अपेक्षित विद्यार्थी शून्य. आपणच कळवलंय म्हणे. तो फॉर्म कोणी भरला होता?"

भाऊसाहेबांची पाचावर धारण बसली. बाहेर तास संपला होता आणि व्हरांड्यातून मुलामुलींचा नुसता कल्ला चालला होता.

"प्राचार्यांच्या नावाने गेला असेल," ते म्हणाले. हे खोटं नव्हतं, आणि खरं तर अजिबात नव्हतं. ते प्राचार्य त्या आजारातून उठलेच नव्हते. गेलेला माणूस 'मी नाही' म्हणायला येत नाही.

"सरांनी? सर असं कसं लिहितील?" ती पुटपुटली आणि प्रॅक्टिकल घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी रजा टाकली आणि कोणाला न सांगता नियोजनाच्या ऑफिसात जाऊन थडकले. तिसरा मजला, फायलींनी अडवलेला बोळ. तिथला अधिकारी त्यांच्या मुलीहून लहान होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, फॉर्मही शोधून काढला. भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"साहेब, हे अक्षर माझं. मला शून्य म्हणायचं नव्हतं. माहिती नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे, काका. एकशे बारा कॉलेजांनी हेच लिहिलंय."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"आम्हाला शंभरेक कॉलेजं कमी करायचीच होती. कुठली, एवढंच ठरत नव्हतं." बसची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं. "आता आराखडा मंजूर झालाय. पुढचा विचार वीस वर्षांनी."

भाऊसाहेब जिना उतरले तेव्हा त्यांना संताप यायला हवा होता. आला तो सुटकेचा निःश्वास. एकशे बारा! म्हणजे आपण एकटे नाही. आपण लिहिलं नसतं तरी त्यांनी काहीतरी शोधलंच असतं. घरी पोचेपर्यंत हे वाक्य त्यांनी मनात इतकं घोळवलं की त्यांना स्वतःची थोडी दयाही आली.

मुलगी पेपर तपासत बसली होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अधिकारी, शंभरेक कॉलेजं, एकशे बारा निरंक. "कोणी मुद्दाम नाही केलं गं. सगळीकडे तेच झालंय."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. "एकशे अकरांचं जाऊ द्या, बाबा. आपल्या कॉलेजचं कोणी लिहिलं?"

अख्ख्या नोकरीत एवढं छोटं उत्तर द्यायला भाऊसाहेबांना एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"मी."

तिने समोरचे पेपर बाजूला सारले. म्हणाली, "काल कॉलेज सुटल्यावर मी सरांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोला जाब विचारायला. ती बिचारी म्हणाली, शेवटी शेवटी त्यांना काही सुचत नव्हतं हो, काय लिहिलं असेल देव जाणे."

"मग?"

"मग तिने हात जोडून माझी माफी मागितली, बाबा. आणि मी तिला माफ करून आले."