आवाज मधोमध हवा

डावा कान गेला तो एका मंगळवारी सकाळी. जाग आली, मी उजव्या कुशीवर होते आणि खोलीत काहीच चालू नव्हतं. पाठीवर वळले तेव्हा पंखा ऐकू आला. परत कुशीवर वळले, पंखा बंद. असं चार वेळा करून पाहिलं आणि मग चहा ठेवला.

कानात मळ असेल म्हणून दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन दिवसांत आल्या असतात तर औषधाने थोडंफार परत मिळालं असतं. हे सांगताना ते हात धूत होते. मी त्यांना मळाबद्दल विचारलं. मळ नव्हता.

कामावर सांगायचं राहिलं. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. असे आठ महिने गेले.

आम्ही रंगमंचावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी कानात बसणारे मॉनिटर बनवतो. समोर गर्दी आणि मोठाले स्पीकर असताना गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. त्या माणसाच्या कानाचा साचा घ्यायचा, त्यावरून कवच ओतायचं, कवचात तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे चार-पाच स्पीकर बसवायचे. शेवटी जोडी माझ्याकडे येते. मी आधी ती यंत्रावर मोजते, मग ऐकते, मग कार्डावर सही करते. माझ्या सहीशिवाय जोडी बाहेर जात नाही. पंधरा वर्षांत एकही परत आली नाही, म्हणून मालकांनी माझं नाव कानसेन ठेवलं आणि ते चिकटलं.

कान गेल्यावर मी पद्धत बदलली. कवच दुसऱ्याच्या कानाच्या मापाचं असतं, त्यामुळे त्याच्या तोंडाला एक आखूड रबरी नळी लावूनच आम्ही ऐकतो. पूर्वी दोन नळ्या, दोन कान. आता उजव्याचा तुकडा उजव्या कानात, मग डाव्याचा तुकडाही उजव्याच कानात. तेच गाणं, तेच वीस सेकंद. माझ्याजवळ एक धड कान होता आणि दोन्ही तुकडे त्याच कानाने तोलले जात होते. दोन वेगळ्या काट्यांवर तोलण्यापेक्षा हे जास्त शास्त्रशुद्ध आहे, असंही मी स्वतःला सांगितलं.

माझ्या डावीकडे बारीक बसतो. वजन शंभराच्या पुढे, पण काम इतकं नाजूक की केसाएवढ्या तारा भिंगाखाली सोल्डर करतो. म्हणून बारीक. तो दिवसभर बोलतो. आठ महिन्यांपासून ते मला एका भिंतीपलीकडच्या रेडिओसारखं येत होतं. त्याची मान हलताना दिसली की मी मान हलवत होते. एकदा त्याने मालकांना सांगितलेलं मी समोरून ऐकलं, "कानसेन हल्ली मोठ्या झाल्यात. आम्हाला उत्तरं मिळत नाहीत." मला वाईट वाटायला हवं होतं. मी पुढची जोडी घेतली.

घरी आई आहे. ती दहा वर्षांपासून कानाचं यंत्र लावते, म्हणजे उशीखाली ठेवते. तिच्यापासून लपवणं मला सोपं वाटलं होतं. दोन महिन्यांत तिने ताटावरून विचारलं, "कोणता गेलाय?"

"काय कोणता?"

"अगं, खुर्ची फिरवून बसतेस. कळलं नाही की हसतेस. मी हे सगळं करून झालेय. तुझ्या बाबांना सहा वर्षं पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं मी समजूतदार झाले."

"डावा," मी म्हणाले.

"ऑफिसात सांगितलंस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मीठ मागितलं. मग थोड्या वेळाने, "सांगून टाक. हसून हसून गाल दुखतात."

ती गायिका आली तेव्हा आठवा महिना चालू होता. पस्तिशीची, घाईची, रंगमंचावर रोज दोन तास उभी राहणारी. तिला आमच्याकडचं सगळ्यात भारी हवं होतं. मी तिच्यापुढे नमुन्याच्या तीन जोड्या ठेवल्या, कोणती किती किमतीची ते न सांगता. पहिल्यातलं तिने ऐकलं, दुसऱ्यातलं ऐकलं आणि लगेच म्हणाली, "ही दुसरी. मोकळी वाटते. पडदा सरकवल्यासारखी."

मी दुसरीचा आवाज एक डेसिबल खाली आणला. "आता परत ऐका."

तिने ऐकलं. परत पहिली ऐकली. "आता पहिली बरी वाटते. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. दुसरी थोडी मोठी वाजत होती. तेवढी सारखी केली."

"म्हणजे मी फसले?"

"सगळेच फसतात. मोठा आवाज चांगला वाटतो. म्हणून आधी मोजायचं, मग ऐकायचं."

"ताई, तुम्ही माणसाला आवडूही देत नाही."

तिच्या फोनवर तिच्या रियाजाचं ध्वनिमुद्रण होतं, नुसता आवाज, साथ नाही. ते तिला तिन्हीतून ऐकवलं. साथीत बरंच काही झाकलं जातं, आणि स्वतःच्या आवाजाइतका दुसरा कोणता आवाज माणूस ओळखत नाही. शेवटी तिने मधल्या किमतीची जोडी निवडली. किंमत कळल्यावर ती थोडी नाराज झाली. सगळ्यात महागातली का नको, असं तिने विचारलं.

"तिच्यात तुमचा शब्दांतला 'स' टोचतो. अर्ध्या तासाने तुम्ही आवाज कमी करून घ्याल, मग स्वतःचं नीट ऐकू येणार नाही आणि सूर वर चढेल."

"तुम्हाला स्वतःला कुठली आवडते?"

मी म्हणाले, "माझ्या आवडीचा इथे उपयोग नाही." ते खरं होतं. पण तिन्हीतलं एकही मला आवडत किंवा नावडत नव्हतं. एका कानात गाणं येतं ते माहितीसारखं येतं. इथे चढलं, इथे उतरलं, इथे श्वास घेतला. सगळं बरोबर असतं. दाताच्या डॉक्टरांनी सुई टोचल्यावर गालाला बोट लावावं तसं, बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही.

तिच्या कानाचे साचे घेतले. तीन आठवड्यांनी जोडी माझ्या टेबलावर आली. यंत्रावर दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी. उजवा तुकडा उजव्या कानात ऐकला. डावा उजव्या कानात ऐकला. दोन्ही निर्दोष. सही केली.

गुरुवारी दुपारी ती घ्यायला आली. आरशासमोर उभी राहून तिने दोन्ही तुकडे फिरवत कानात बसवले, मायक्रोफोनपुढे एक ओळ गायली आणि थांबली. परत गायली. मग डोळे मिटून गायली.

"काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "माझा आवाज मधे नाही."

"एका बाजूला ओढतोय?" मालकांनी विचारलं.

"नाही. बाजूला नाही. कुठेच नाही. म्हणजे आहे, पण डोक्याच्या बाहेर दोन्हीकडे पसरलाय. मी गातेय तिथे मी नाहीये."

तिचं वाक्य संपायच्या आत मला कळलं. कळलं ते पुस्तकातून कळावं तसं, पान क्रमांकासकट. केबल जिथे कवचात जाते त्या जागी दोन तारा असतात. एका बाजूला त्या उलट जोडल्या गेल्या, तर एका तुकड्यातल्या स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे येतो. तुकडे वेगवेगळे ऐकले तर दोन्ही निर्दोष. मी पाहत होते त्या आलेखातही दोन्ही निर्दोष. फक्त दोन कानांनी एकदम ऐकलं की मधला आवाज विरून जातो. ते ओळखायला शिक्षण लागत नाही. दोन कान लागतात.

मालकांनी जोडी घेतली, नळ्या लावल्या, तीन सेकंद ऐकलं. "एक बाजू उलटी आहे."

ते बारीककडे वळले. "उलट्या तारा लावल्यास?"

बारीकने भिंगाखाली पाहिलं. त्याची मान लाल झाली. "हो. डाव्या बाजूच्या. माझीच चूक."

"चूक होते. ती इथे पकडली जाते," मालक म्हणाले आणि कार्डावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. "कानसेनने ऐकलंय. हे तिच्या कानातून सुटणं शक्य नाही. म्हणजे तिने ऐकल्यावर तू परत उघडलंस. का उघडलंस?"

"नाही उघडलं, सर."

"मग तारा आपल्या आपण फिरल्या?"

"सर, शप्पथ. एकदा बंद केलं ते केलं."

"चूक एक वेळ चालेल. खोटं नको. उद्यापासून तू पॅकिंगला बस."

बारीक माझ्याकडे बघत होता. मी सांगेन असं त्याला वाटत होतं असं नाही. मालकांचं म्हणणं त्यालाही पटत होतं बहुधा. आपणच उघडलं असेल आणि विसरलो असू, असा चेहरा होता. मी माझ्या सहीकडे पाहत होते. सही नेहमीसारखीच होती, सरळ, शेवटी एक टिंब.

"आधी दुरुस्त तरी करू दे त्यांना," गायिका म्हणाली. "मला सहाला तालमीला पोहोचायचंय."

चार मिनिटं लागली. दोन तारा सोडवल्या, अदलाबदल केली, कवचाचं झाकण परत चिकटवलं. मालकांनी जोडी हातात न घेता माझ्याकडे सरकवली. "आता तू ऐक आणि सांग. मग त्या नेतील."

मी एक नळी उजव्या कानात घातली. दुसरी हातात राहिली. ती मी डाव्या कानात घालू शकले असते. घालून, वीस सेकंद थांबून, मान हलवता आली असती. तारा आता बरोबरच होत्या, मी भिंगातून पाहिल्या होत्या. उत्तर बरोबर आलं असतं.

"आता मधे आहे का, ताई?" गायिकेने विचारलं.

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आठ महिने झाले. त्याने काही उघडलेलं नाही. जोडी माझ्याकडे आली तेव्हाच उलटी होती. मी दोन्ही तुकडे एकाच कानाने ऐकते, त्यात हे कळत नाही."

डावीकडून कोणी काही म्हणालं असेल तर मला कळलं नाही.

गायिकेने माझ्या हातातून जोडी घेतली, नळ्या काढल्या, कानात बसवली आणि तीच ओळ गायली. "आहे," ती म्हणाली. "मधे आहे. नाकाच्या थोडं मागे." मग डबी पर्समध्ये टाकली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "तुम्ही निवडून दिली ती बरोबरच आहे, ताई. 'स' टोचत नाही."

ती गेल्यावर मालक खुर्चीत बसले. "आठ महिन्यांत किती जोड्या गेल्या?"

"ही धरून चौसष्ट."

"आणि त्यातल्या किती उलट्या असतील?"

"ही सोडून तक्रार एकीचीही नाही. पण यंत्रात सगळ्यांची मोजणी आहे. पडदा आधी पुढे जातो की मागे, हे सांगणारी वेगळी रेघ असते. ती साठवलेली आहे, मी कधी उघडून बघितली नाही. कानाला लगेच कळायचं म्हणून."

"बघ मग. सगळ्या बघ." ते उठले, दारापर्यंत गेले. "तुझं काय करायचं ते नंतर बघू. मला आत्ता सुचत नाहीये." मग बारीककडे न बघता त्यालाच म्हणाले, "तू पॅकिंगला जायची गरज नाही. मी जरा जास्त बोललो."

मी पहिल्या जोडीची फाइल उघडली. दोन्ही रेघा एकाच दिशेला. ठीक. दुसरी, ठीक. भीती वाटेल असं वाटलं होतं. तेही नाही; फाइल उघडायची, बघायची, बंद करायची.

पाचव्या जोडीला टेबल हललं. बारीकने स्वतःचं स्टूल उचललं होतं. ते घेऊन तो माझ्या मागून फिरून उजवीकडे आला आणि बसला. तिकडे त्याचा दिवा नव्हता, भिंग नव्हतं, काहीच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावल्या नव्हतात?"

"नाही."

"आठ महिने मी घरी सांगतोय, मॅडम बोलत नाहीत, माझं काहीतरी चुकलंय. बायकोने तर तुम्हाला भेटवस्तू द्यायचं ठरवलं होतं."

"मला ऐकूच येत नव्हतं."

"काहीच? माझ्या मेव्हण्याने जिना रंगवला ते?"

"नाही."

"वरपासून खाली रंगवत यायचं सोडून खालून वर रंगवत गेला आणि वर अडकला ते?"

"नाही."

"अहो, ते मी तुम्हाला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, आवडलं नाही." त्याने स्टूल आणखी जवळ ओढलं. "मग आता परत सांगावं लागणार सगळं."

"सांगा," मी म्हणाले. "मला एकीकडे हे बघायचंय."

त्याने अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं, मेव्हण्याने रंगाचा डबा कुठून आणला तिथपासून. मी फाइली उघडत होते. एकोणीस झाल्या तेव्हा मेव्हणा वरच्या पायरीवर उभा होता आणि खालून सगळे त्याला उडी मार म्हणत होते. इथे हसायचं होतं. मला हसू आलं नाही, आणि मी तोंडही हसरं केलं नाही.

"पुढे?" मी विचारलं, आणि विसावी फाइल उघडली.