दहा मोजेपर्यंत

फॉर्म लावायच्या पाटीच्या चिमट्यात बोट सापडलं तेव्हा ती ओरडली नाही, चिमट्याकडे बघत राहिली. गेले अठरा दिवस ह्या चिमट्याने एक कागद धड धरला नव्हता. वाऱ्याची झुळूक आली की फॉर्म पुढे आणि ती मागे, अशी वरात निघायची. आज मात्र तो खेकड्यासारखा चावला.

“बाई, ऑफिसनं पाटी बदलून दिली की काय?” पेंटरने विचारलं.

“ऑफिस? पेनाची टोपणं मोजून घेतात ते लोक.”

तिने चिमटा दोनदा उघडून मिटून पाहिला. काल संध्याकाळी पाटी घरी कोनाड्यात ठेवली तेव्हा तो सैलच होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

दोघांनाही काम नव्हतं, म्हणून सरकारने त्यांना शंभर दिवसांचं काम दिलं होतं: गावात काम नसलेले किती, ते मोजायचं. ती एकवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. गाड्यांमध्ये कार्डाची यंत्रं आली आणि ती उतरली, पण गल्लीत अजून सगळे तिला कंडक्टरबाईच म्हणत. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याला छापील पाट्यांनी घरी बसवलं. ती विचारायची, तो लिहायचा. त्याचं अक्षर इतकं वळणदार की बेकारीचा फॉर्मसुद्धा निमंत्रणपत्रिकेसारखा दिसे.

माहितीपुस्तिकेतला तिसरा नियम तिला तोंडपाठ होता. प्रश्न छापलाय तसाच विचारावा, उत्तर सुचवू नये, मनात दहा मोजेपर्यंत थांबावं. पेंटरला हे थांबणं म्हणजे शिक्षा वाटे. तिला मात्र त्यात गोडी लागली होती. चारपर्यंत माणूस रुबाबात असतो, सहाला खाकरतो आणि आठला खरं बोलतो, असा तिचा अठरा दिवसांचा हिशोब होता.

आज एकच घर उरलं होतं. तिचं स्वतःचं.

“दुसऱ्या कुणाला तरी पाठवा,” सकाळी ती ऑफिसातल्या साहेबांना म्हणाली होती.

“दुसरं आहे कोण? पाचला बेकारांची यादी बंद होतेय. लिहिणारा परका आहे ना? मग झालं.”

यादी बंद होण्याचीच तिला धास्ती होती. महिलांच्या प्रशिक्षण वर्गात बावीस शिलाई मशिनं गंजत पडली होती आणि ती चालू करायला शंभर दिवसांच्या कामाच्या पुढच्या तुकडीत एक मेकॅनिक घेणार होते. नाव मात्र यादीतूनच उचलणार. तिचे वडील गावातले शिलाई मशिनचे शेवटचे मेकॅनिक. पण ते यादीत येणार कसे? ते रोज नऊला दुकान उघडत, सहाला बंद करत. गेल्या सात दिवसांत उंबरठ्यावर एकच माणूस आला होता, तोही पत्ता विचारायला. तरी कोणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, “कामच काम. मान वर करायला फुरसत नाही.” घरात ह्या विषयाला कोणी हात लावत नसे. काल जेवताना यादी आज बंद होणार हे ती सहज बोलल्यासारखं बोलली, तेव्हा आईनेच तिला डोळ्यांनी दटावलं होतं.

खोटं लिहायची तर सोय नव्हती. सख्ख्या मामाला तिने विनातिकीट म्हणून भर चौकात खाली उतरवलं होतं. मामा अजून बोलत नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाबा उघड्या मशिनवर वाकले होते. हे मशीन ती शाळेत असल्यापासून दुरुस्त होत होतं.

“या, बसा,” ते पेंटरला म्हणाले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. “विचारा, बाई.”

उभ्या जन्मात त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिने घसा साफ केला आणि नाव, वय असे सोपे रकाने उरकले. मग तिसरा प्रश्न आला.

“गेल्या सात दिवसांत तुम्ही किमान एक तास काम केलंत का? केलं असल्यास कोणतं?”

एक. दोन. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. चार. त्यांनी फडक्याला हात पुसले, मग पुसलेले हात पुन्हा पुसले. सहाला ते खाकरले नाहीत. पेंटरचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. आठ. नऊ.

“केलं,” बाबा म्हणाले.

तिने मान खाली घातली.

“एक तास. काल रात्री सगळे झोपल्यावर. तुमच्या पाटीचा चिमटा सैल होता, त्याची स्प्रिंग बदलली.”

पेंटरने आधी पाटीकडे पाहिलं, मग बाबांकडे. “काका, पाटी सरकारी आहे.”

“पाटी सरकारी असेल. कागद पकडायला धावायची ती माझी मुलगी.”

“पैसे घेतलेत?”

“घरच्या माणसाकडून?” बाबा असे काही दुखावले की पेंटरने जीभ चावली.

“तसं नाही हो, विचारावं लागतं. बाई, ह्याला काय नियम आहे? असं काम धरायचं की नाही?”

नियम तिला आठवेना. चोवीस पानांतलं एवढं एकच पान कसं निसटलं कोण जाणे. तिने पिशवीतून माहितीपुस्तिका काढली. ती उघडली तीच नेमकी अकराव्या पानावर, जणू कोणी ते पान बराच वेळ दाबून धरलं होतं. सातव्या ओळीत छापलं होतं: ‘घरच्या माणसासाठी मोबदला न घेता केलेले काम, काम म्हणून धरू नये. अशी व्यक्ती बेरोजगार समजावी.’ ओळीच्या शेजारी मशिनच्या तेलाचा एक गोल, पिवळट अंगठा उमटला होता.

“हा डाग माझा नाही हं,” पेंटर घाईने म्हणाला. “माझे डाग रंगीत असतात.”

बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

तिने पुस्तिका मिटली. “धरायचं नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या चौकटीत, ‘बेरोजगार’वर खूण करा.”

पेंटरने खूण केली, आणि सवयीने तिला एक वळणदार शेपूट काढलं. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते.

“झालं का?” बाबांनी विचारलं.

“एक राहिलाय.” पाटी तिने छातीशी धरली. चिमट्याने कागद असे धरले होते की कडासुद्धा हलत नव्हत्या. “काम मिळाल्यास करायला तयार आहात का?”

आणि नियमाप्रमाणे ती मनात मोजू लागली. पण एक म्हणायच्या आतच बाबा म्हणाले,

“हो.”