दुसरा प्रोसेसर

प्रेस खाली आली आणि लंबूची तीन बोटं गेली. पत्र्यावरून रक्त ओघळलं तेव्हा कुठे त्याने हाताकडे पाहिलं, आणि मग तो असा ओरडला की शेडमधली सगळी यंत्रं पटापट बंद झाली.

त्याला दवाखान्यात हलवताच मुकादमाने चिमीच्या दादाची गचांडी धरली. पेडलवर पाय दादाचा, म्हणजे गुन्हेगारही तोच. पहिल्याच ठोशात दादाचा ओठ फाटला. पेडल दाबलेलं होतं हे तो नाकारत नव्हता. ते नेहमीच दाबलेलं असायचं. साच्यासमोर सुरक्षेसाठी प्रकाशकिरणांचा पडदा होता. त्यात हात असेपर्यंत कॉम्प्युटर प्रेसला सोडत नसे. म्हणून लंबू पत्रा सरकवायचा, दादा पेडल आधीच दाबून धरायचा आणि हात बाहेर येताच प्रेस आदळायची. तेवढाच वेळ वाचे.

कॉम्प्युटर चिमीच्या ताब्यात होता. तो जुनाट खोका रखडतो म्हणून मुकादमाने तिच्यामागे टुमणं लावलं होतं, आणि तिने भंगारातला एक प्रोसेसर शोधून मागच्याच आठवड्यात आधीच्या शेजारी बसवला होता. तेव्हापासून काम नुसतं पळत होतं.

आता तिला त्याचाच संशय आला. तिने खोक्याचं झाकण काढलं, पेडलवर वजन ठेवलं आणि लांब काठी साच्यात पुन्हा पुन्हा घालून काढू लागली. काठी आत असताना प्रेस हलत नव्हती. मुकादम हसला. म्हणाला, भावासाठी पोरगी काठीचा खेळ करतेय. तेवढ्यात काठी आत असतानाच प्रेस आदळली. एक ढलपी उडून त्याच्या गालात घुसली.

चिमीने त्याला समजावलं. सारखी लागणारी माहिती प्रोसेसर आपल्याजवळच्या छोट्या साठ्यात, कॅशमध्ये ठेवतो. मेमरीपर्यंतचा हेलपाटा वाचतो, म्हणून वेग येतो. पण आता प्रोसेसर दोन, कॅशही दोन. एकाने ‘हात आत’ अशी नोंद केली तरी दुसऱ्याच्या कॅशमध्ये जुनंच ‘रिकामं’ उरत होतं आणि तो प्रेसला सोडत होता. बदल झाला की दुसऱ्याला कळवणं बोर्डाचं काम. पण दोन्ही प्रोसेसर वेगवेगळ्या जातीचे, बोर्ड जुना, मधूनच तो चुकत होता. एकटा प्रोसेसर होता तोवर हा प्रश्नच नव्हता.

“दुसरा काढते, नाहीतर दोघांची कॅश बंद करते,” ती म्हणाली. “काम मंदावेल, पण हात वाचतील.”

मुकादमाने गालातली ढलपी उपटून फेकली. माल याच आठवड्यात जायचा होता. लंबूच्या जागी दादा उभा राहील आणि पेडल आपण दाबू, असं त्याने सांगून टाकलं. दादा मागे सरकला. मुकादमाने त्याचा एक हात पाठीवर मुरगळला, खांद्याचा कट्ट आवाज झाला. दुसरा हात त्याने साच्यात कोंबला आणि वजन लाथेने उडवून स्वतःचा पाय पेडलवर ठेवला.

“कधीतरीच चुकतं ना, पोरी? मग घाबरतेस कशाला?”

थांबवायचं बटण त्याच्या पाठीमागे होतं. चिमीने जवळचा हातोडा उचलला आणि उघड्या खोक्यात, चालू बोर्डावर, तिनेच बसवलेल्या प्रोसेसरवर हाणला. निळी ठिणगी उडाली. प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती तुटून तिच्या मनगटात रुतली. तिने पुन्हा हाणला. कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली, प्रेसला सोडणारा त्याचा इशारा तुटला आणि प्रेसचा ब्रेक धाडकन बसला.

मुकादम शिव्या देत पेडल तुडवत राहिला. प्रेस हलेना. तो वळला, तेव्हा चिमी हातोडा उगारून उभी होती. तिच्या कोपरावरून रक्त ठिबकत होतं.

“आणखी एक पाऊल टाका,” ती म्हणाली, “आणि बघा.”

तो थुंकला, मालकाला बोलावतो म्हणाला आणि निघून गेला.

दादा तसाच वाकलेला होता. हात अजून साच्यातच होता. कुणी धरलेला नसतानाही तो काढायचं त्याला सुचत नव्हतं. चिमीने हातोडा टाकला आणि त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला.