सतरा नंबरचा शिक्का

ललिताने कोमट पाण्यातून सेत्तिमो बोर्तोलिन यांचा डावा पाय उचलला, मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला आणि हलक्या हाताने टिपून घेतला. त्या पायाला अंगठा नव्हता, शेजारची दोन बोटंही नव्हती. उजव्या पायाला फक्त करंगळी उरली होती. नखं कापायची म्हटली तर पाच मिनिटांचं काम. पण गेली सहा वर्षं ती पायांची निगा राखणारी नर्स म्हणून दर सहा आठवड्यांनी कॅनडातल्या ग्वेल्फच्या या वृद्धाश्रमात येई, तेव्हा सर्वांत जास्त वेळ याच खोलीत घालवी.

सत्त्याण्णव वर्षांचा हा माणूस, तेव्हाचा इटलीचा सैनिक, १९४३च्या जानेवारीत रशियातल्या बर्फातून पंधरा दिवस चालत बाहेर पडला होता. त्याच्या पलटणीतले बहुतेक जण तिथेच राहिले. पहिल्यांदा हे ऐकलं, त्या रात्री नागपूरहून आलेल्या ललिताला जेवण गेलं नव्हतं. कॅनडात उणे वीस अंशांत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना दहा मिनिटांत तिची बोटं बधिर व्हायची. पंधरा दिवस म्हणजे काय, हे तिला अजूनही पुरतं कळलं नव्हतं.

आज तिच्यासोबत तिची मुलगी अमृता आली होती. ती युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती आणि तिला पेपर लिहायचा होता: फॅसिस्ट राजवटीतलं इटलीचं सैन्य किती परिणामकारक होतं? पेपर जवळजवळ झाला होता. हुकूमशहाची ऐंशी लाख संगिनींची वल्गना, १८९१ सालच्या बनावटीच्या रायफली, अपुरे ट्रक, ग्रीसमधली फजिती, सगळं तिने गोळा केलं होतं. गाडीत ती आईला म्हणाली होती, "ऑनेस्टली मॉम, इट वॉज अ जोक."  त्यांच्याशी नीट बोल, एवढंच ललिताने बजावलं होतं.

अमृताने फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं आणि सरळ पेपरचा प्रश्नच त्यांच्यापुढे ठेवला. बोर्तोलिन रागावले नाहीत. ग्वेल्फच्या ओतशाळेत तीस वर्षं काम करून शिकलेल्या इंग्रजीत, शब्द शोधत शोधत, ते बोलू लागले.

ते काही सुरुवातीपासून लढाईवर नव्हते. चांभाराचा मुलगा म्हणून त्यांना सैन्याच्या कोठारात घेतलं होतं. कंत्राटदाराकडून बूट यायचे, ते तपासायचे आणि आतल्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. त्यांचा नंबर सतरा. मंत्री पाहणीला आले की चांगल्या बुटांच्या पेट्या पुढे मांडल्या जायच्या. मंत्री पुढच्या कोठारात पोचायच्या आत त्याच पेट्या तिथे गेलेल्या असायच्या. एकदा त्यांनी नव्या मालातला एक बूट रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी बुटाचा तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. तो बूट घेऊन ते कॅप्टनकडे गेले.

"कॅप्टन काय म्हणाले?" अमृताने विचारलं.

"म्हणाले, बूट तपासायला तुला सांगितलंय. बादली आणायला कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी शिक्के मारले. संपूर्ण उन्हाळाभर मारले. मग त्यांनाही रशियाला पाठवलं.

 सहा वर्षांत यातलं काहीच त्यांनी ललिताला सांगितलं नव्हतं.

"तुझ्या पेपरात लिही," बोर्तोलिन म्हणाले. "सतरा नंबरचं काम फार परिणामकारक होतं. एकही जोडी परत गेली नाही."

अमृताने वहीत काही लिहिलं नाही. तिने विचारलं की तुमची बोटंही त्याच बुटांमुळे गेली का. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण खिडकीकडे बघत त्यांनी नाही म्हटलं.

त्यांच्याकडे चांगले बूट होते, ते म्हणाले. एका शेतकऱ्याला घड्याळ देऊन त्यांनी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, रशियन बूट घेतले होते. उबदार, गुडघ्यापर्यंतचे. माघारीचे पहिले पाच दिवस ते त्यातच चालले. सहाव्या दिवशी वाटेच्या कडेला एक सैनिक बसलेला दिसला. त्याने एक बूट काढून हातात धरला होता आणि त्याचा सुटलेला तळ तो पुन्हापुन्हा जागेवर दाबत होता. बोर्तोलिननी तो बूट हातात घेऊन आत पाहिलं. सतरा.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ललिताने त्या पायाकडे पाहिलं. हा पाय तिने कितीदा धुतला होता, पुसला होता, तेल लावून चोळला होता.  बर्फाने बोटं नेली, असं ती फाइलमध्ये दर वेळी लिहीत आली होती.

 अमृताने फोन उचलून बंद केला आणि अगदी हळू आवाजात इंग्रजीतच विचारलं, तो वाचला का?

"माहीत नाही. तो पुढे निघून गेला. माझ्यापेक्षा भराभर चालत होता."

"त्याचं नाव काय होतं?"

बोर्तोलिननी नकारार्थी मान हलवली.

"नाव विचारलं नाही. फक्त पायाचं माप विचारलं."

ललिताने पायमोजे उचलले. तेवढ्यात अमृता खुर्चीवरून उतरून तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "आई, मी घालते," ती मराठीत म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.