मॅचच्या दिवशी

मॅचच्या दिवशी तुओमोशी कोणी बोलायचं नाही, हा नियम त्याच्या बाबांनी घातलेला. एरवी ओइवाचं तोंड बंद होणं कठीण. दुधाचा टँकर चालवणारा माणूस, गोठ्यागोठ्यावर गप्पा छाटत दूध गोळा करायचा. इइसल्मी गावात कोणी त्याला 'काय ओइवा, कसं काय?' असं विचारलं की त्याची सकाळ गेलीच म्हणून समजा. पण मुलगा आइस हॉकीच्या गोलमध्ये उभा राहायला लागला आणि ओइवाने ठरवून टाकलं, की गोलकीपरच्या डोक्यात त्या दिवशी दुसरं काही शिरता कामा नये. रिंकवर जाताना गाडीत चिडीचूप. मागच्या सीटवरची इर्मेली, तुओमोची थोरली बहीण, शिंकसुद्धा दाबून धरायची. मॅच संपली की परतीच्या वाटेवर पहिला शब्द बाबांचा, आणि तो कायम एकच. "भूक लागली का?" तुओमो जिंकला तरी तेच, हरला तरी तेच. मग वाटेतल्या पेट्रोल पंपावर गाडी थांबायची आणि खिमा-भात भरलेले तळलेले पाव खाता खाता ओइवा दिवसभराचं तुंबलेलं बोलणं मोकळं करायचा.

पुढे तुओमो स्वीडनला खेळला, स्वित्झर्लंडला खेळला, एक हंगाम अमेरिकेत बाकावर बसून काढला आणि परतला. नियम सगळीकडे बरोबर गेला. बायको सोडून गेली तीही मॅचच्याच दिवशी. नियमाप्रमाणे तिने जाताना सांगितलं नाही, त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. असल्या माणसाला काय म्हणावं?

आता तो कुओपिओ शहराच्या संघात होता. गुडघे कुरकुरत होते, गोलमध्ये एक विशीतला पोरगा उभा राहायचा आणि तुओमो पुन्हा बाकावर. बाबा पानगळीपासून इइसल्मीच्या दवाखान्यात पडून होते, गाडीने तासाभराच्या अंतरावर. शनिवारी त्या पोराची मांडी आखडली. हरलं तर हंगाम संपणार अशी मॅच, आणि बहुधा तुओमोची शेवटची.

सामान सांभाळणारा ताइस्तो त्याच्या पायांची पॅडं बांधून देत होता. "बोलू नका रे कोणी म्हाताऱ्याशी," तो बाकीच्यांना म्हणाला. "नाहीतर विचार करायला लागेल, आणि ती सवय त्याला नाही." सगळे हसले. तुओमो उठून बाहेर आला आणि कॉरिडॉरमध्ये त्याला इर्मेली दिसली.

ती बेकरीतल्या कपड्यांतच आली होती. कोटाखालून पिठाने माखलेला ॲप्रन दिसत होता. ती भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. बोलली काहीच नाही. तुओमोचे पाय क्षणभर अडखळले. बेकरी उघडी टाकून ती कधी कुठे जात नसे. विचारावं का? विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग पॅडं उतरवून तिच्या गाडीत बसावं लागलं असतं. त्याने मान खाली घातली आणि तो तिच्यासमोरून बर्फावर गेला.

त्या दिवशी खेळला तसा तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. चकती कुठून येणार हे त्याला आधीच कळत होतं. दुसरी विश्रांती संपवून तो गोलमध्ये परतला तेव्हा त्याने प्रेक्षकांत बघितलं. इर्मेली जागेवर होती, पण तिच्या डोक्यावरची लोकरीची टोपी आता नव्हती. त्या गारठ्यात, कोणी गेल्यावर काढतात तशी टोपी काढून, ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्याला समजलं. जाळीवर ठेवलेल्या बाटलीतून तो पाणी प्यायला, मुखवटा खाली ओढला आणि शेवटपर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. सगळं रिंक उभं राहून त्याचं नाव घेत होतं.

बाकीचे सौनाच्या वाफेत शेकायला गेले. तो ओल्या केसांनीच बाहेर पडला. इर्मेली गाडीपाशी उभी होती.

"कधी?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या विश्रांतीत फोन आला." तिने नाक पुसलं. "दुपारी डॉक्टरांनी मला बेकरीतून बोलावून घेतलं, म्हणाले, बोलवायचं त्याला बोलवा. मी फोन हातात घेतला तर बाबा म्हणतात, आज शनिवार ना? त्याची मॅच असेल. बोलायचं नाही. जाऊन बस, आणि संपली की घेऊन ये."

"आणि तू ऐकलंस."

"कुठे ऐकलं? आधीच येऊन उभी राहिले ना तुझ्यासमोर. स्वतःहून बोलायला तोंड उघडेना. तू नुसतं 'काय गं' म्हणाला असतास ना, तरी सगळं सांगितलं असतं."

"माहीत होतं मला," तुओमो म्हणाला. "म्हणूनच म्हणालो नाही."

तिने गाडीचं दार उघडलं. गाडी तिनेच चालवली. दोन्हीकडे बर्फाने वाकलेली झाडं, आणि गाडीत लहानपणची तीच शांतता. पेट्रोल पंप आला तशी तिने सवयीने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि आपण हे काय केलं ते तिच्या लक्षात आलं. दोघं समोरच्या उजेडाकडे बघत बसून राहिले. काच धुरकट झाली. मॅच संपली होती आणि पहिला शब्द बोलायला कोणी नव्हतं.

शेवटी इर्मेलीनेच विचारलं, "भूक लागली का?"

"हो," तुओमो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.