लिंडूसाहेबाची ढाल

गावच्या फुटबॉल स्पर्धेची ढाल पाहिली आणि रावजी कोळ्याचं डोकं सटकलं. नव्वद वर्षं जिथं 'योहान लिंडनर' कोरलेलं होतं, तिथं आज पितळी पट्टी चिकटवली होती: 'सागरसुख रिसॉर्ट ढाल'.

"कुनाला इचारून?" रावजी गरजला.

मंडळाचा सेक्रेटरी पियूष पनवेलात वाढलेला. मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "आजोबा, जर्सी त्यांच्या, किनाऱ्यावरचा मांडव त्यांचा. आणि तुमचा लिंडूसाहेब खरा होता कशावरून? तुम्हीच सांगता, त्यानं मुशी माशाला गोलकीपर केलं होतं!"

पोरं फिदीफिदी हसली. रावजीचे कान तापले. मुशीचं त्यानं रचलं होतं, कबूल. एवढा मोठा मासा आहे, गोलात अडवायला बरा, म्हणून. पण बाकीचं? व्हिएन्नाच्या गल्लीत चिंध्यांचा चेंडू हाणत मोठा झालेला, ऑस्ट्रियाकडून चार सामने खेळलेला, लढाईत गुडघ्यात गोळी खाल्लेला माणूस! पाय गेला तर शिकवायला लागला. बुडापेस्टात शिकवलं, तुरिनात शिकवलं, मग मुंबईत एका गिरणीच्या टीमला. तापानं खंगून हवापालटाला हरिहरेश्वराकडं आला आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर रावजीच्या बापाला, अंबाजीला, खेळ देऊन गेला. चेंडू वर उडवला की काठी उगारायचा. जमिनीवर ठेवा, आपल्या माणसाला द्या! त्या हिवाळ्यात म्हसळ्याची टीम दोनदा रडत घरी गेली. तो निघून गेल्यावर अंबाजीनं फणसाच्या फळीची ही ढाल केली आणि स्वतः त्याचं नाव कोरलं. आणि हे त्यावर पट्टी मारणार?

"फायनल कंदी?"

"रविवारी बाराला. दुपारनंतर गेस्ट निघतात."

"रविवारी पुनव हाय! बाराला उधाणाची भरती. मांडवात पानी शिरंल. पाचला ठेव, मैदान मोकलं आसंल."

"मुशी येणार का खेळायला?"

पुन्हा हशा. खेळणाऱ्या पोरांना भरती ठाऊक होती; पण अंगात नव्या जर्सी होत्या, एकानंही तोंड उघडलं नाही. त्याचा रावजीला जास्त संताप आला.

रविवारी तो पालथ्या होडीवर जाऊन बसला. बायको भागुबाई म्हणाली, "घरला चला, तमाशा नको."

"माझा न्हाय, दर्याचा हाय."

हाफटाइमआधीच कोपऱ्यातला झेंडा बुडाला. मग खुर्च्या तरंगत निघाल्या, पाहुणे चपला हातात घेऊन पळाले, टेबल कलंडलं आणि ढाल लाटेवर चालू लागली. रावजी धोतर खोचून छातीभर पाण्यात घुसला. बापाच्या हातची फळी होती ती! बाहेर आणली तेव्हा पट्टीचा डिंक खाऱ्या पाण्यानं सुटला होता. त्यानं ती नखानं उपटून पियूषच्या हातात दिली आणि ढाल त्याच्या नाकासमोर धरली.

"वाच."

"योहान लिंडनर," पियूष पुटपुटला.

"मोठ्यानं! पोरास्नी आयकू दे."

पियूषनं ओरडून वाचलं. कोणी हसलं नाही.

"आता पाचला खेला. चेंडू जमिनीवर ठेवा." दोन पावलं जाऊन रावजी वळला. "आनि मुशी उजव्या बाजूला कच्ची होती, ह्ये बी लिवून ठेव."