फुलवंताची झोळी

“ही माझी फुलवंता नाही,” वत्सलाबाई भिंतीपुढे उभ्या राहून म्हणाल्या.

एकोणीसशे सदतीसचा कार्तिक होता. नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या वत्सलाबाईंची कथा पुण्याच्या एका मासिकात वर्षभर क्रमशः येऊन नुकतीच संपली होती. जवळच्या रनाळे गावची सिंधुबाई ती दुपारी बायकांना वाचून दाखवी. त्यांतल्याच कौसाबाईने, कापूस वेचणारीने, आपल्या घराच्या भिंतीवर चुन्यागेरूने कथेची कापूस वेचणारी नायिका फुलवंता काढली होती. ती दाखवायला सिंधुबाईने लेखिकेला मुद्दाम आणले होते.

चित्र माणसाएवढे होते. नाकडोळे नावापुरतेच. डोक्यावर टोपली नव्हती. पोटाशी कापसाने फुगलेली झोळी होती. वत्सलाबाईंनी समजावले की शेवटी फुलवंता भरलेली टोपली डोक्यावरून उचलून मालकाच्या पायाशी आपटते आणि काम सोडते. सारी कथा त्या टोपलीवर उभी आहे.

“ताई, तुम्ही कधी कापूस येचेल शे का?” कौसाबाईने अहिराणीत विचारले.

“नाही.”

“डोकावर टोपली ठेईसन कापूस येचता येस का? वाकनं का टोपली पडनी. मन्ही फुलवंता इतली येडी नही शे.”

सिंधुबाई खजील होऊन तिला दटावू लागली. वत्सलाबाईंनी थांबवले. ‘मन्ही’, म्हणजे ‘माझी’, हे त्यांना टोचले होते. त्यातून मासिकानेच कथेचे पुस्तक छपाईला दिले होते. शेवटची पाने दहा दिवसांत छापली जाणार होती आणि वाचकांची पत्रे त्या टोपलीचीच वाखाणणी करत होती.

रविवारी वत्सलाबाई कौसाबाईबरोबर शेतात गेल्या. कौसाबाईने त्यांच्या कमरेला झोळीसारखे फडके बांधून दिले. दोन तासांत बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटे ओरबाडली. झोळी भरत गेली तशी कंबर मागे झुकली, पावले फाकली. मग फुलवंतासारखी त्यांनी झोळी फेकायला पाहिली. फेकता येईना. ओझ्याने गाठ आवळली होती; ती नखांनी सोडवायला बराच वेळ लागला. कापूस आवाज न करता पायांवर उतरला.

“आते समजनं?” कौसाबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात नवा शेवट पुण्याला गेला. संपादकांनी उलट लिहिले की टोपली आपटण्यात जोर आहे, गाठ सोडण्यात नाही. शिवाय मुखपृष्ठासाठी टोपलीचे चित्र तयार आहे. वत्सलाबाईंनी तीन ओळी लिहिल्या. नवा शेवट छापावा, नाहीतर हस्तलिखित परत करावे. मुखपृष्ठ कोरे चालेल.

पुस्तक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आले. मुखपृष्ठावर फक्त नाव होते. वत्सलाबाई ते घेऊन रनाळ्याला गेल्या, तेव्हा सणासाठी भिंत सारवून झाली होती. चित्र गेले होते. कौसाबाईने त्याचा विषयही काढला नाही. शेवट वाचा, एवढेच म्हणाली.

वत्सलाबाई ओट्यावर बसून वाचू लागल्या. ऐकता ऐकता कौसाबाईचे हात कमरेशी गेले. तिथे काहीच बांधलेले नव्हते. तरी तिची बोटे, जराही घाई न करता, गाठ सोडत राहिली.